ठेंगणी चौकट

खोली किरायानं देणाऱ्या माणसाला वाटत असतं की घर आपलं आहे. हा गैरसमज मलाही आहे, कारण माझ्याही दोन खोल्या किरायानं दिलेल्या आहेत. पण माझ्या शेजारच्या सांबप्पाचा गैरसमज ज्या तऱ्हेनं दूर झाला, तसा सगळ्या परभणीत कुणाचा झाला नसेल. मी सगळं जवळून पाहिलं, म्हणून सांगतो. माझं कापडाचं दुकान आणि त्याचं किराण्याचं दुकान लागून आहेत, आणि आमच्या घरांची मधली भिंतही एकच.

सांबप्पा लिंगायत वाणी. माणूस वाईट नाही, पण चिकट. त्याच्या अंगणाच्या पलीकडच्या कडेला एक खोली आहे, वर मातीचं धाबं, पुढं एकच दार. त्या दाराची चौकट त्याच्या बापानं पोखर्णीला एक गोठा मोडत होते तिथून स्वस्तात आणली होती. बैल मान खाली घालून आत जातो, त्याची काही तक्रार नसते. किरायदाराची असते. वरच्या गणेशपट्टीवर टाळकं आपटलं नाही असा एकही किरायदार त्या खोलीत राहून गेला नाही. कचेरीतले दिनकरराव तिथं राहायचे तेव्हा त्यांचं टाळकं आपटल्याचा आवाज आला की आम्ही दुकानं उघडायला निघायचो. चौकट उंच करा म्हणून त्यांनी लई विनवण्या केल्या. सांबप्पाचं उत्तर ठरलेलं होतं: देवळात वाकता, तसं इथंही वाकायचं.

दिनकररावांनंतर दगडाबाई नावाची विधवा राहायला आली. तिची एक शेळी होती. धाब्यावर दर उन्हाळ्यात नवी पांढरी माती टाकावी लागते, ती सांबप्पानं दोन उन्हाळे टाकली नव्हती, त्यामुळं पावसाळ्यात वर छान गवत माजलं. दगडाबाईनं शेळी वर चढवली. गवत फुकट आणि जागा उंच, शेळीला आणखी काय पाहिजे. एके दिवशी शेळीचा पाय धाब्यातून आरपार आला आणि चुलीवरच्या कालवणाच्या वर लोंबकळायला लागला. दोष शेळीचा की धाब्याचा यावर आठवडाभर भांडण चाललं. शेवटी दगडाबाई शेळी घेऊन गेली, भोक मात्र सांबप्पाकडं राहिलं.

त्या दिवसापासून सांबप्पानं ठरवलं की आता किरायदार ठेवायचा तो आपल्यातला, एकटा आणि गरीब स्वभावाचा. त्याला मिळालाही तसाच. आळंदकडचा, कानडी मुलखातला, नाव गुरुसिद्धप्पा. जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या वजनाचा कारकून म्हणून परभणीत आला होता. उंच, लाजाळू, कपाळावर विभूतीचे पट्टे. मराठी बोलायचा, पण विचार करून करून. सांबप्पा दुकानात होता, म्हणून खोली दाखवायला त्याची बायको उमादेवी अंगणात आली. गडी आत शिरता शिरता तिनं मागून नाव विचारलं. तो म्हणाला, “गुरुसिद्ध...” आणि तेवढ्यात गणेशपट्टीनं आपलं काम केलं. टाळकं धरून तो कळवळला, “अय्यय्यो.”

आता लिंगायतांत नावाच्या शेवटाला फार महत्त्व असतं. वाणी असला की अप्पा, जंगम असला की अय्या. सांबप्पा, गुरुसिद्धप्पा हे अप्पा. अय्या म्हणजे जन्मानं गुरू, स्वामी. मग तो कारकून असो की पाळण्यातलं पोर, त्याचे पाय धुवायचे आणि ते पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं. उमादेवीच्या कानांनी दोन तुकडे जोडले आणि गुरुसिद्धय्या असं नाव तयार केलं. तिनं हातातली कळशी खाली ठेवली आणि अंगणातच त्याच्यापुढं लोटांगण घातलं. त्याच्या डोळ्यांपुढं तारे चमकत होते. त्याला वाटलं, या मुलखातली माणसं फार सज्जन दिसतात, दार बुटकं असल्याची माफी पाया पडून मागतात.

घोटाळा त्याच्या ध्यानात आला तो सोमवारी. उमादेवीनं पाट मांडला, परात आणली, त्याचे पाय धुतले, बेल-फूल वाहिलं. सांबप्पाही हात जोडून बसला होता. गुरुसिद्धप्पानं खरं सांगायला तोंड उघडलं, तोच पुढ्यात तुपात भिजलेली पुरणपोळी आली. बिचारा वर्षभर खाणावळीत जेवत होता. पहिली पोळी खाऊन झाल्यावर सांगू असं त्यानं ठरवलं, मग दुसरी, मग पुढचा सोमवार. पुढं तर इतके सोमवार झाले की सांगायचं कोणत्या तोंडानं, हाच प्रश्न झाला. असं त्यानं आम्हाला नंतर सांगितलं, आणि मला त्याचा रागही आला नाही. उमादेवीच्या हातची पोळी मी खाल्लेली आहे.

सांबप्पाची मात्र पंचाईत झाली. स्वामी किराया वेळेवर द्यायचे. उमादेवी तोच किराया दक्षिणा म्हणून वर नारळ ठेवून त्यांच्या पायाशी वाहायची. म्हणजे दर महिन्याला सांबप्पाचा एक नारळ जायचा. वरून पावसाळ्यात शेळीच्या भोकातून पाणी गळायला लागलं, तेव्हा स्वामी ओले होतील म्हणून उमादेवीनं त्यांना घरात आणून निजवलं आणि सांबप्पा ओसरीवर डासांत. धाब्यावर माती टाकायला सांबप्पा इतक्या झटपट कधीच तयार झाला नव्हता.

हळूहळू सगळी गल्ली खोलीकडं वळली. बायका पोरांना स्वामींच्या पायावर घालायच्या. ज्या गणेशपट्टीला स्वामींचं मस्तक पहिल्यांदा लागलं, तिला विभूती आणि फुलं लागायला लागली. पोखर्णीच्या गोठ्यातलं ते लाकूड, ज्याला बैल शिंगं घासायचे, त्याला माझी बायको धुरपताबाई हात लावून तोच हात डोळ्यांना लावताना मी पाहिली. आपण लिंगायत नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, लाकडाला जात विचारू नका.

हे असंच चाललं असतं आणि सांबप्पा नारळ मोजत म्हातारा झाला असता. पण त्याच सुमारास बिदरहून निरोप आला. सांबप्पाची एकुलती एक मुलगी गौराबाई तिकडं दिलेली. जावई लिंगराज शाळेत मास्तर, त्याची बदली परभणीला झाली होती. दिवाळीनंतर दोघं इकडं येणार. घरजावई म्हणून राहणार नाही, पण सासऱ्यांची खोली किरायानं मिळत असेल तर चालेल, असं लिंगराजनं कळवलं होतं. नसली तर त्याच्या चुलत्यानं स्टेशनच्या पलीकडं आपल्याच वाड्यात जागा काढून ठेवली होती. तो चुलता आम्हाला माहीत होता. त्याच्या वाड्यात गेलेल्या सुनेला माहेरी यायचं तर सण लागायचा, आणि सणाच्या वर चुलत्याची परवानगी.

चार वर्षांत गौराबाई दोनदाच आली होती. त्या दिवशी सांबप्पा दुकानात साखर तोलता तोलता दोनदा चुकला, आणि दोन्ही वेळा गिऱ्हाईकाच्या फायद्यानं. मी तेव्हाच ओळखलं. हा माणूस पोरीसाठी आतून तुटत होता. अंगणाच्या पलीकडं ती राहील, सकाळी तिच्या बांगड्या वाजतील, एवढंच त्याला पाहिजे होतं. मधे फक्त एक स्वामी होते, आणि त्यांना जा कसं म्हणायचं. नाराज होऊन जंगम घराबाहेर पडला तर सात पिढ्यांना लागतं म्हणतात.

मग त्याला एक युक्ती सुचली. जी चौकट दिनकररावांनी गयावया करूनही त्यानं बदलली नाही, ती आता उंच करायची. गवंडी, सुतार, धूळ, तोडफोड, सगळ्याला खोली रिकामी लागणार. त्यानं हात जोडून स्वामींना विचारलं. स्वामी इतक्या आनंदानं हो म्हणाले की सांबप्पाला जरा वाईटच वाटलं. त्याला काय ठाऊक, गुरुसिद्धप्पा बिचारा सुटकेची वाट पाहत होता. विडी ओढायला त्याला स्टेशनपर्यंत जावं लागायचं, आणि गल्लीतल्या दोन पोरांची नावं त्याला ठेवावी लागली होती. दोघांचं नाव त्यानं बसवराज ठेवलं, कारण घाबरल्यावर त्याला दुसरं सुचलं नाही.

सुतार आला आणि उमादेवी दारात आडवी बसली. स्वामींच्या मस्तकाचं लाकूड मोडायचं असेल तर आधी माझ्यावर करवत चालवा, म्हणाली. बायका जमल्या. सुतारानंही चौकटीला हात लावून नमस्कार केला आणि निघून गेला. खोलीचा मालक, खोलीतला किरायदार आणि खोलीची वाट पाहणारा जावई, तिघांनाही जे पाहिजे होतं ते त्या एका लाकडामुळं अडून बसलं.

त्यातच समोरच्या घरातली चन्नबसम्मा अंथरुणाला खिळली. गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई. तिचं सगळं झालं होतं, आता एकच इच्छा राहिली होती. लिंगायतांत माणूस गेला की जंगमानं त्याच्या डोक्यावर पाऊल ठेवायचं असतं, म्हणजे जीव शिवाकडं जातो अशी श्रद्धा. चन्नबसम्मानं ठरवलं की आपल्या डोक्यावर पाऊल पडेल ते याच स्वामींचं. मठातल्या स्वामींना तिनं साफ नकार दिला. ते दर वेळी काहीतरी मागतात, हे कधी काही मागत नाहीत, असा स्वामी जन्मात पाहिला नाही, असं तिचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाजार निजलेला असताना, गुरुसिद्धप्पा सांबप्पाच्या दुकानात आला. मी तिथंच तक्क्याला टेकून बसलो होतो. मी उठायला लागलो तर त्यानं बसा म्हणून खूण केली. स्वतः मात्र खाली, पोत्यावर बसला. सांबप्पा घाबरला, स्वामी खाली आणि आपण गादीवर. तोही खाली उतरला.

“मी अय्या नाही, मालक,” गुरुसिद्धप्पा म्हणाला. “अप्पा आहे. गुरुसिद्धप्पा. आमच्या घरी सोमवारी अय्या येतात तेव्हा त्यांचे पाय मी धुतो.”

सांबप्पानं विचारलं, “मंग त्या दिशी अय्या कामून म्हणलाव?”

“डोकं आपटलं होतं.”

मला हसू आवरेना, म्हणून मी पंचा तोंडात धरला. पण गुरुसिद्धप्पाच्या डोळ्यांत पाणी होतं. पोळ्या खाल्ल्या, पाय धुऊन घेतले, त्याचं पाप मी फेडीन, म्हणाला. पण मरणाऱ्या बाईच्या डोक्यावर खोटं पाऊल ठेवणार नाही. वाटलं तर आत्ता गल्लीत उभा राहून सगळ्यांना सांगतो, त्यांनी जोडे मारले तरी चालतील.

सांबप्पाचा चेहरा उजळला. मला दिसलं, त्याला अंगणापलीकडं गौराबाई दिसायला लागली. किरायदार साधा वाणी आहे, त्याला आज सांगितलं की उद्या खोली मोकळी. तो उठलासुद्धा. आणि मग पुन्हा हळूच पोत्यावर बसला. उमादेवी एवढे सोमवार जिनिंगच्या कारकुनाच्या पायाचं पाणी प्याली होती, आणि तिनं गल्लीलाही पाजलं होतं. हे कळलं तर ती पुन्हा कुणाला तोंड दाखवणार नव्हती. गल्ली आयुष्यभर हसली असती. आणि समोर ती म्हातारी, जिला आता डोळे मिटायला फक्त एक पाऊल पाहिजे होतं.

“कुटं बोलू नगा,” सांबप्पा म्हणाला. आपल्या हक्काच्या खोलीतून किरायदाराला काढायचं सोडून तो त्याचे हात धरून विनवणी करत होता. “जायचं तर स्वामी म्हणूनच जावा. तेवढं करा माझ्यासाठी.”

मग आम्ही तिघांनी बसून बेत ठरवला. सेलूच्या जिनिंगात गुरुसिद्धप्पाला काम मिळत होतं, त्यानं तिकडं निघून जायचं. घरी सांगायचं की श्रीशैलच्या यात्रेला चाललो. यात्रेला निघालेल्या स्वामींना कुणी अडवत नाही, नाराजीही नाही, पापही नाही. म्हातारीच्या वेळी मग मठातल्या स्वामींना बोलवायचं. बेत चांगला होता. मला अजूनही त्यात खोट दिसत नाही.

निघायच्या दिवशी सगळी गल्ली लोटली. गुरुसिद्धप्पा खोलीतून बाहेर पडला तो कंबरेत वाकून, पहिल्यांदाच डोकं न आपटता. चन्नबसम्माला पोरांनी बाजेसकट आणून अंगणात ठेवलं होतं. तिनं मान वळवून विचारलं, “कवा येता?”

त्याला खोटं बोलायची सवय होती, पण फक्त गप्प राहून. बोलून खोटं सांगायची वेळ पहिलीच. तो गडबडला आणि म्हणाला, “येतो. लवकर येतो.”

“मंग मी थांबते,” चन्नबसम्मा म्हणाली. “तुमी आल्याबिगर मी जात न्हाई.”

तिनं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बसली, ज्वारीच्या कण्या मागितल्या, आणि चार दिवसांनी काठी टेकत अंगण ओलांडून त्या खोलीत जाऊन बसली. उमादेवीनं तिथं दिवा लावला होता. स्वामींना तिनं दिलेल्या खडावा खाटेखालीच राहिल्या होत्या, कारण त्यांना त्या घालून चालता येत नव्हतं. त्या तिनं पाटावर ठेवून फुलं वाहिली. स्वामी येईपर्यंत खोली अशीच राहणार होती. खोलीत आता किरायदार नव्हता, आणि ती रिकामीही नव्हती. घरमालकीत मी बरंच काही पाहिलं आहे, पण न राहणाऱ्या किरायदारासाठी रोज तेल घालणारा मालक मी हा एकच पाहिला.

दिवाळीनंतर गौराबाई आणि लिंगराज आले. सांबप्पानं बायकोशी बोलून पाहिलं, आडून आणि मग सरळ. पण आता गौराबाईच म्हणाली, “स्वामींची जागा आमाला नगं, आप्पा. माणसं काय म्हणतील.” उमादेवीनं लेकीकडं कौतुकानं पाहिलं. दोन दिवसांनी त्यांचं सामान स्टेशनपलीकडं गेलं.

आता गौराबाई सोमवारी येते. चुलत्यानं तेवढी मोकळीक दिली आहे, कारण देवाला नाही कसं म्हणायचं. नारळ घेऊन येते, खोलीत जाऊन खडावांना नमस्कार करते, आईशी चार शब्द बोलते आणि टांगेवाला घाई करायला लागला की निघते. बापाच्या घरी, अंगणापलीकडच्या खोलीत, मुलगी दर्शनाला येते.

एका सोमवारी सांबप्पाचं मन फिरलं. त्यानं मला दुकानातच सांगितलं. म्हातारीला खरं सांगतो, एक वाक्य तर बोलायचं आहे. ती तिथून उठली म्हणजे दिवा विझेल, दिवा विझला म्हणजे खोली सुटेल. उमादेवीला काय सांगायचं ते पुढं बघू. लेक स्टेशनपलीकडं असताना मी हे सगळं कुणासाठी सांभाळू, असं तो म्हणाला. मी अडवलं नाही. मीही बाप आहे.

मी त्याच्या मागोमाग अंगणात गेलो. दारात टांगा उभा होता, गौराबाई आईचा निरोप घेत होती. सांबप्पा कुणाकडं न बघता ताठ मानेनं खोलीकडं निघाला. त्या घरात जन्म गेला त्याचा, त्या दारात तो न सांगता वाकायचा. त्या दिवशी वाकला नाही. गणेशपट्टी टाळक्यावर अशी बसली की मला अंगणात ऐकू आलं.

“अय्यय्यो,” सांबप्पा कळवळला.

आत चन्नबसम्मानं डोळे उघडले. खडावांकडं बघितलं, मग दारात टाळकं धरून उभ्या असलेल्या सांबप्पाकडं. तिचा चेहरा इतका मऊ झालेला मी कधी पाहिला नव्हता.

“तू बी अय्यांना हाका मारायलास व्हय,” ती म्हणाली. “येतेल रे बाबा, येतेल. ये, बस हितं.”

सांबप्पानं तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. तो आत जाऊन तिच्याजवळ बसला. बाहेर गौराबाईचा टांगा हलला, घोड्याच्या घुंगरांचा आवाज पेठेच्या वळणापर्यंत येत राहिला, आणि तोवर तो दिव्यात तेल घालत होता.